खटक्या

प्रत्येक घराच्या स्विचबोर्डावर एक बटण बिनकामाचं असतं. दाबलं तर काही लागत नाही, सोडलं तर काही विझत नाही. घरातल्यांनी त्याचा नाद केव्हाच सोडलेला असतो. एखादा पाहुणा पंखा लावायला म्हणून चुकून तेच दाबतो, आपण "ते नाही हो, त्याच्या शेजारचं" म्हणतो आणि विषय संपतो. आमच्या बारामतीच्या घरात हॉलमध्ये असं एक होतं. सहा वर्षं होतं. मग सत्यनारायणाला खटक्या आला आणि त्याला ते दिसलं.

कथेचा दुसरा अध्याय चालू असताना त्याचा पाट रिकामा दिसला. तिसऱ्या अध्यायात माळ्यावर ठकठक ऐकू येऊ लागली. आरतीच्या वेळेला तो खाली उतरला तेव्हा डोक्यावर जळमटं, हातात टेस्टर आणि चेहऱ्यावर साक्षात सत्यनारायण भेटल्याचा आनंद. म्हणाला, "शेजारच्या वकिलांना त्यांच्या बाथरूममध्ये उभं राहायला सांग." आरती चालू ठेवून एका पोराला तिकडं पिटाळलं. खटक्यानं बटण दाबलं. पलीकडून वकीलसाहेबांचा "लागला!" असा आवाज आला. सोडलं. "गेला!"

झालं होतं असं की, आमचं घर आणि वकिलांचं घर मुळात एकाच बापाचं. भावाभावांत वाटणी झाली, मधे भिंत आली, भांडीकुंडी मोजून वाटली गेली, पण भिंतीतल्या वायरी वाटायच्या राहिल्या. सहा वर्षं आमच्याकडचा पाहुणा पंखा लावायला जायचा आणि पलीकडे वकीलसाहेब डोळ्यांत साबण घेऊन अंधारात उभे राहायचे. त्यांनी तीन इलेक्ट्रिशियन बदलले होते. चौथ्या वेळेला घराची शांत करायचं ठरत होतं.

खटक्यानं शिऱ्याची दुसरी मूद घेतली आणि खिशातली छोटी वही काढून त्यात काहीतरी टिपलं.

खटक्या हे त्याचं नाव अर्थातच नाही. पण आता टपालाखेरीज कुठं त्याचं खरं नाव चालत नाही. खटका म्हणजे बटण, खटका उडणं म्हणजे भांडण आणि खटकणं म्हणजे मनाला टोचत राहणं. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे एका शब्दाचे सगळे अर्थ एकाच माणसाला लागू पडल्याचं मला विशेष कौतुक. त्याला बटणं दिसतात, ती खटकतात आणि त्यावरून त्याचे घरात खटके उडतात.

हे त्याला लागलं ते 1998 साली. भिगवण रस्त्याला त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला होता, दोन मशीनचा. क्लासला विद्यार्थी येईनात म्हणून एकदा पुण्याच्या तपकीर गल्लीतून तो एक सीडी घेऊन आला. त्या सीडीत एक बेट होतं. बेटाचं नाव मिस्ट.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगायला हवं, कारण यात खेळ म्हणावं असं काहीच घडत नाही. अमेरिकेतल्या रँड आणि रॉबिन मिलर या दोघा भावांनी तो 1993 साली काढला. आपण एका निर्मनुष्य बेटावर उभे असतो. शत्रू नाही, बंदूक नाही, घड्याळ लावलेलं नाही, मरायची सोय नाही. काय करायचं हे कुणी सांगत नाही. ग्रंथालय आहे, त्यातली बरीचशी पुस्तकं जळालेली. एक अग्निबाण आहे, पण तो पितळी दांडे आणि रिबिटा ठोकलेला, म्हणजे आपल्या आजोबांनी भविष्य कसं असेल असं मनाशी धरलं असेल तसला. ज्यूल व्हर्नच्या 'द मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीवरून त्या मंडळींना बेटाचं नाव सुचलं. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला आणि त्यांचा फास्टर फेणे तर आपल्याच जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा. त्यामुळे खटक्या या खेळाला विलायती मानतच नाही.

सुमारे अडीच हजार चित्रं एकामागून एक. एका चित्रावर क्लिक केलं की पुढचं. तरीही साठ लाखांवर प्रती खपल्या आणि 2002 मध्ये 'द सिम्स'नं मागं टाकेपर्यंत कॉम्प्युटरवरचा सगळ्यांत जास्त विकला गेलेला खेळ हाच होता. खोक्यात सीडीबरोबर एक कोरी वही मिळायची. तुमचं तुम्ही टिपून घ्या आणि तुमचं तुम्ही निस्तरा, असा त्याचा अर्थ. खटक्याच्या सीडीबरोबर वही नव्हती. तपकीर गल्लीत खोकं कुठलं मिळायला? त्यानं शंभर पानी फुलस्केप घेतली. आज तिच्या एकतीस बहिणी कपाटात आहेत.

आणि त्या बेटावर गवतात पडलेली पहिली चिठ्ठी काय म्हणते? बेटावरचे खटके मोज. आठ आहेत. आमच्या खटक्यानं ती चिठ्ठी स्वतःच्या नावे आलेली समजून घेतली आणि तेव्हापासून तो मोजतोच आहे. तहसील कचेरीत अकरा, त्यातले चार बंद. इंदापूरच्या एसटी स्टँडवर सात. माझ्या सासुरवाडीत किती, हे मला त्याच्याकडून कळलं.

या जातीच्या खेळाला प्रथमपुरुषी म्हणतात. म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते तुमच्याच डोळ्यांनी. झाड दिसतं, दार दिसतं, दाराची कडी दिसते. तुम्ही मात्र दिसत नाही. खाली पाहिलं तर पायही नाहीत. व्याकरणातला प्रथम पुरुष एवढा पक्का मला वर्गात कधी शिकवता आला नाही. खटक्याचा तर तो स्वभावच झाला. वकिलांच्या बाथरूमची वायर त्याला दिसते, स्वतःच्या एका पायात बाटाची आणि दुसऱ्यात बायकोची चप्पल आहे हे दिसत नाही.

पण त्याचा खरा रोग याहून निराळा आहे. तो कुणाला काही विचारत नाही.

आता बारामती-इंदापूर पट्ट्यात न विचारणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे कुलूप उघडत नसलं तर किल्ली कुणी शोधत नाही, "कुणाच्या ओळखीचं आहे?" असं विचारतात. ऊस तोडीला नंबर लागत नाही, कुणाला तरी फोन. डीपी जळाला, कुणाला तरी फोन. पोराला ॲडमिशन, सासऱ्याला दवाखान्यात कॉट, सगळीकडं एकच यंत्रणा आणि ती चालते. ज्याला फोन लावायचा तो फोन उचलतो, "बघतो" म्हणतो, आणि काम कधी होतं, कधी नाही, पण कोडं आपल्या डोक्यावरून उतरतं. अशा मुलखात खटक्या जन्मला. रस्ता चुकला तरी तो काच खाली करत नाही. म्हणतो, "खुणा ठेवलेल्याच असतात, बघणारा पाहिजे."

निमगाव केतकीच्या एका लग्नाला आम्ही असेच निघालो. हल्ली लग्नाला रस्त्यात फ्लेक्सवर बाण लावतात. खटक्यानं बाण पकडला. दुसऱ्या फाट्यावर तो बाण वळला, आम्हीही वळलो. मांडव आला, फेटे बांधले गेले, अक्षता पडल्या, पंगतीत जिलबी वाढली गेली. मी नवऱ्यामुलाकडं नीट पाहिलं. खटक्याच्या कानात म्हटलं, "आरं, हा आपला पोरगा न्हाय." तो जिलबी मोडत म्हणाला, "मला अक्षतांच्या वेळीच कळलं. बाणाचा रंग वेगळा होता." अकराशे रुपयांचा आहेर त्यानं तिथंच केला. ज्या घरचं बोलावणं होतं, त्या घराशी आमचा अबोला अजून आहे.

लहानपणापासून हे असंच. त्याची आई तो चौथीत असताना गेली. आजोळचा विषय निघाला की घरात म्हणायचे, "तिचं माहेर पाण्यात गेलं." खटक्यानं त्यावरून निष्कर्ष काढला की मामांनी धंद्यात पैसे घालवले. मामा पुढं पिंपरीला कंपनीत लागले होते, त्यामुळे पुरावाही जुळला. त्यानं वडिलांना विचारलं नाही, मामांना विचारलं नाही. वर्गात मलाही तो असंच सांगायचा आणि मलाही ते पटलं होतं.

क्लास बंद पडल्यावर त्यानं कोर्टाजवळ दुकान टाकलं. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. सातबारा, आठ अ, फेरफार काढून मिळेल. मिस्ट खेळणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा महाराष्ट्रात नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्या खेळाची गोष्टच सातबाऱ्याची आहे. दोन भाऊ दोन पुस्तकांत अडकलेत. एकाचं पुस्तक लाल, एकाचं निळं. एक म्हणतो, मला लाल पानं आणून दे, माझा भाऊ नीच आहे. दुसरा म्हणतो, निळी पानं आण, खरा नीच तोच. तुम्ही बेटाबेटांतून हिंडून एकेक पान आणायचं आणि ठरवायचं की कुणाला द्यायचं. बाप तिसरीकडंच कोंडलेला आणि त्याच्याही हातातलं एक पान गायब. पुण्याच्या इंजिनिअर पोरांनी या कथानकाचा उलगडा करायला महिना लावला असेल. खटक्यानं पहिल्याच रात्री वहीत लिहिलं : "दोघेही खोटे. बापाला भेटल्याशिवाय कुणालाच पान देऊ नये."

हाच नियम तो दुकानात पाळतो. एक भाऊ येतो, "दुसऱ्याला सांगू नका, पण जरा फेरफार काढा" म्हणतो. अर्ध्या तासानं दुसरा येतो. खटक्या दोघांना कागद काढून देतो, वीस-वीस रुपये घेतो आणि दोघांनाही एकच प्रश्न न विचारता नुसता ऐकवतो : "वडील आहेत म्हणे अजून." एकदा या वाक्यावर एक जण खुर्चीत बसून रडला होता. खटक्याला ते कळलंच नाही, तो प्रिंटरमध्ये अडकलेला कागद सोडवत होता.

आमची शेतं सणसरच्या शिवारात बांधाला बांध लागून आहेत, विहीर सामाईक. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळापासून वाहतोय, पण आवर्तन सुटलं तरी टेलच्या माणसापर्यंत यायला त्याला फार मोठं मन लागतं. म्हणून विहीर. आणि विहीर म्हटली की मोटर, मोटर म्हटली की थ्री फेज आणि थ्री फेज म्हटलं की रात्रीचे दोन.

मिस्टमध्ये अग्निबाणाला वीज द्यायची असते. तळघरात दहा बटणं, प्रत्येकाचे व्होल्ट वेगळे, बेरीज बरोबर 59 यायला हवी. त्याच्यावर गेलं की ब्रेकर पडतो आणि खांबावर चढून तो पुन्हा वर करावा लागतो. जगभरच्या लोकांनी यावर डोकं धरलं असेल. इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही बागायतदाराला हे कोडं वाटणार नाही. स्टार्टरच्या पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे. तिन्ही लागले तरी व्होल्टेज 340 असलं की मोटर नुसती घुमते, उचलत नाही. तशीच रेटली तर वाइंडिंग जळून उग्र वास येतो आणि त्या वासाचे पुढं चार-पाच हजार होतात. डीपीवरचा डिओ पडला तर वायरमनला फोन. तो उचलत नाही. मग त्याच्या मेहुण्याला फोन.

मी फोन लावत असायचो आणि खटक्या पंपघराच्या दारात पोतं टाकून, मांडीवर वही घेऊन कान देऊन बसलेला असायचा. एकदा तर सलग नऊ रात्री. घोणस निघायचे दिवस, उसात काही खसपसलं की माझा जीव वरखाली, हा मात्र टॉर्च वहीवर धरून. दहाव्या रात्री त्यानं मला पान दाखवलं. एका डीपीवर अकरा मोटरी. सगळ्यांना ऑटो बसवलेले. वीज आली रे आली की अकराही एकदम उठतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटर चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. त्यामुळे व्होल्टेज बसतं, निम्म्या मोटरी ट्रिप होतात, बाकीच्या घुमत राहतात. आवाजावरून त्यानं कुणाची मोटर कितव्या सेकंदाला उठते, कुणाची धाप लागते, हे सगळं मांडलं होतं. आणि आमच्या स्टार्टरला त्यानं सात मिनिटांचा टायमर लावला. सगळ्यांचं एकमेकांशी भांडून होऊ द्यायचं, मग आपण निवांत उठायचं.

चाललं. पंधरवडाभर आमच्या सरीला असं पाणी आलं की मी दारं धरता धरता बांधावर गाणं म्हटलं.

मग शेजारी बघायला लागले. कुणी विचारलं नाही, हे विशेष, पण टायमर प्रत्येकानं बघून घेतला. महिन्याभरात अकराच्या अकरा मोटरींना सात-सात मिनिटांचे टायमर बसले. वीज येते, सात मिनिटं सगळ्या शिवारात गाढ शांतता पसरते, आणि मग अकरा मोटरी एकदम उठतात. मी कपाळाला हात लावला. खटक्या वहीचं नवं पान उघडत म्हणाला, "आता कुठं लेव्हल अवघड झाली."

पाण्याचंही तसंच. मिस्टमध्ये एक झाडांवरचं गाव आहे. तिथं पवनचक्कीनं पाणी उपसायचं आणि पाइपलाइनच्या प्रत्येक फाट्यावर व्हॉल्व फिरवत ते हव्या त्या पाळण्यापर्यंत न्यायचं. हे खटक्याला यायला किती वेळ लागला? चहा गार व्हायच्या आत. ज्यानं लहानपणी पाटाचं दारं मोडून शेजाऱ्याचं पाणी आपल्या वाफ्यात घेतलं आणि उजाडायच्या आत जागचं जागी करून ठेवलं, त्याला ते काय अवघड!

त्याची आणखी एक खोड म्हणजे, आपल्या भागातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो आपल्या पंथात ओढतो. मोरोपंतांचं घेऊ. पन्हाळ्याचे पंत बाबूजी नाईकांकडं बारामतीला आले आणि 1794 मध्ये इथंच गेले. मी वर्गात आर्या शिकवतो, पोरं जांभया देतात. खटक्याला मी एकदा सहज सांगितलं की पंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली म्हणतात, त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. ओठाला ओठ न लागता म्हणायचं. तो जेवता जेवता थांबला. "म्हणजे प, ब, म नाही." "नाही." "मग 'राम' म्हणता यायचं नाही." "म्हणायचंच नाही. राम हा शब्द न वापरता रामायण." खटक्यानं हात धुतले, वही काढली आणि पहिल्या पानावर मिलर बंधूंच्या वर मोरोपंतांचं नाव घातलं. आमच्या विद्यापीठात पंतांवर झालेल्या प्रबंधांपेक्षा ती एक ओळ मला जास्त मनापासूनची वाटते.

नारळीकरांनाही त्यानं सोडलं नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना जयंत विष्णू नारळीकरांनी नाव दिलं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी. बक्षीस लागेपर्यंत परीक्षकांना पत्ता नाही. हे ऐकल्यापासून खटक्या लग्नपत्रिकांवरची नावं उलटी वाचून बघतो. अजून कुणी खगोलशास्त्रज्ञ सापडलेला नाही.

टच स्क्रीनवर त्याचा राग आहे. त्याचं म्हणणं, जुन्या लोकांनी पाहिलेलं भविष्य चांगलं होतं, त्यात दांडा होता, चाक होतं, काटा थरथरायचा. भवानीनगरच्या कारखान्यात लहानपणी वडिलांबरोबर तो पहिल्यांदा गेला, तेव्हा वाफेच्या नळ्या आणि गोल तबकड्यांचे मीटर बघून तिथंच उभा राहिला. वडील उसाची पावती घेऊन परत आले तरी हलेना. आता भविष्य आलं आणि त्याला एकही खटका नाही, नुसती काच. या दुःखात तो अजून बटणाचा मोबाइल वापरतो. त्यामुळे दुकानात येणारा ओटीपी गिऱ्हाइकाच्या फोनवर, पेमेंटचा क्यूआर वहिनींच्या खात्याचा.

वहिनींचं सांगायचं राहिलं. त्या खेळात एका ठिकाणी अंधाऱ्या बोगद्यांत गाडी चालवायची असते. प्रत्येक वळणावर एक आवाज होतो, त्यावरून दिशा ओळखायची. खटक्या या बोगद्यात 1998 च्या दिवाळीत शिरला आणि 2009 मध्ये बाहेर आला. मधल्या काळात लग्न झालं, मुलगा झाला, तो मुलगा चौथीत गेला. बाहेर कसा आला ते वहिनींच्या तोंडून ऐकावं. त्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. लग्न झाल्यापासून तेच आवाज कानावर. शेवटी न राहवून म्हणाल्या, "अहो, ते टिंग वाजलं की तुम्ही सरळ जा ना. दर वेळेला वळता आणि आपटता." खटक्या सरळ गेला. दोन मिनिटांत उजेड.

दोन दिवस तो घरात कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं खेळ पुसून पहिल्यापासून सुरू केला, कारण तो सुटला तो त्यानं सोडवला नव्हता. मुलानं पुढं यूट्यूबवर सगळ्या खेळाची उकल चाळीस मिनिटांत दाखवणारा व्हिडिओ काढून दिला तेव्हा तर प्रकरण हातघाईवर आलं. वहिनी आता भात टाकताना मुद्दाम टिंग टिंग असं गुणगुणतात.

मागल्या एका उन्हाळ्यात आम्ही पळसदेवला गेलो. उजनी हे त्याचं जुनं आवडतं कोडं. धरणात पाणी वजा किती टक्के, असं पेपरात छापून येतं, आणि वजा पाणी असतं कसं, हे त्यानं कुणाला न विचारता दोन वर्षांत सोडवलं होतं. धरणात एकूण 117 टीएमसी मावतं, त्यातलं साधारण 63 टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती वरच्या जिवंत साठ्याची. तो संपला की शून्य, आणि खालचं वापरायला घेतलं की वजा. आमच्या घरखर्चाचंही तसंच आहे, असं मी म्हणालो, पण त्याला विनोदात रस नव्हता. पाणी वजा झालं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, हे त्यानं ऐकलं होतं. मिस्टमध्ये धक्क्याशी एक बुडालेलं जहाज असतं. बेटावरच्या एका हौदात तशीच छोटी प्रतिकृती, आजूबाजूला खांब, खांबांवर चिन्हं. बरोबर चिन्हं दाबली की हौदातलं जहाज वर येतं आणि तिकडं खरंही. खटक्या गाडीत मला हेच सांगत होता. डोळे लकाकत होते.

शिखर दुरून दिसलं. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या, त्यांवरून माणसं चालत होती, पोरं फोटो काढत होती, भेळवालासुद्धा आला होता. पलीकडं उथळ पाण्यात रोहित पक्षी माना घालून उभे. उघड्या पडलेल्या भिंतींच्या ओळी, कुठं जातं, कुठं उंबऱ्याचा दगड. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं आणि हे सगळं पाण्याखाली गेलं. खटक्या खांब मोजायला लागला. तासाभरानं त्यानं मंदिराला तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या, भाविक म्हणून नव्हे, आणि आता तो पाण्याच्या कडेला एका दगडापाशी बसून त्यावरची खूण बोटानं चाचपत होता.

एक म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली. कमरेत वाकलेली, हातात पाण्याची बाटली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं.

"काय रं, काय हरवलंय?"

"काही नाही, आजी."

"मगाधरनं बघतीय. कुठला?"

"बारामतीचा."

"मूळचा?"

"सणसर."

"आन् आय कुठली तुजी?"

खटक्यानं दगडावरचं बोट काढलं नाही. नेहमीचं उत्तर त्याच्या तोंडात तयारच होतं, लहानपणापासूनचं. "आईचं माहेर," तो म्हणाला, "पाण्यात गेलं."

आणि म्हणता म्हणता थांबला.

"आरं मग हितलीच की," म्हातारी म्हणाली. "नाव काय तिचं?"

त्यानं सांगितलं. म्हातारीनं क्षणभर डोळे बारीक केले, मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं, कानाच्या पाळ्यांकडं पाहिलं, आणि खुदकन हसली. "कान तुज्या आज्याचं घेतल्यात. मी तुज्या आयला बोरं पाडून द्यायची. थोरला मामा पिंपरीला गेला न्हाय का?"

चार प्रश्न. वही नाही, काही नाही.

खटक्या उभा राहिला. माझ्याकडं न बघता, म्हातारीकडं बघून, त्यानं आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. "घर कुठं होतं?"

तिनं बाटलीचा हात लांब केला. "त्यो बगळा बसलाय न्हवं? त्याच्या म्होरं. चार पावलं. उंबऱ्याशी लिंबाचं झाड व्हतं."

बगळा जिथं बसला होता तिथून पुढं पाणीच होतं, पार पलीकडच्या काठापर्यंत. खटक्या तिकडं चालायला लागला. पाच-सहा पावलांवर वाळलेला चिखल संपून ओला गाळ लागला, तरी थांबेना. मी हाक मारली. बगळा उडाला. तो थांबला आणि खाली बघायला लागला. नडगीपर्यंत रुतला होता, पाय दिसत नव्हते.

"आरं लेका," म्हातारी मागनं ओरडली, "आधी चपला तरी काढायच्या!"